कॅम्पर व्हॅनची ‘गेलेली’ बॅटरी: साताऱ्यात मला बसलेला २५ हजारांचा चटका

अठ्ठावीस वर्षं नववी-दहावीच्या पोरांना ओहमचा नियम शिकवला. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्याच नियमाने माझे पंचवीस हजार नेले. सौ. म्हणते, हे कुठे लिहू नका, जुने विद्यार्थी हसतील. हसू देत. हल्ली आतून बदलून घेतलेल्या गाड्या घेऊन फिरणारी माणसं वाढली आहेत आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना बारा व्होल्टचं काही कळत नाही. मला तर कळत होतं.

आमची गाडी जुनी ट्रॅव्हलर. आधीच्या मालकाने पुण्यात करून घेतलेली. मागे पलंग, बारकासा ओटा, टपावर २०० वॅटचं सोलर पॅनल, सीटखाली १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी आणि बारा व्होल्टवर चालणारा पेटीसारखा फ्रिज. इंजिनाची बॅटरी वेगळी, घराची वेगळी. मोटरहोम म्हणायला लाज वाटते, पण सौ.ला गुडघ्यांमुळे हॉटेलचे जिने झेपत नाहीत, म्हणून ही सोय.

मे महिन्यात बामणोलीला शिवसागर जलाशयाच्या काठी मुक्काम केला होता. पाण्याचा पंप लावला की आतले दिवे मान टाकायचे. रात्री दीडच्या सुमारास फ्रिज बंद पडला. त्याचा लाल दिवा एकदा लुकलुकायचा, थांबायचा, पुन्हा एकदा लुकलुकायचा. पुस्तिकेत पाहिलं तर त्या खुणेचा अर्थ व्होल्टेज कमी. सकाळी दूध फाटलेलं. कोरा चहा पिऊन कास, यवतेश्वर करत खाली उतरलो आणि घरी न जाता थेट हायवेलगतच्या एका बॅटरी-वायरिंगच्या दुकानात गाडी लावली.

दुकानाचं नाव लिहीत नाही. माणूस अतिशय गोड. “सर, ओळखलं नाही का? आमचा धाकटा तुमच्या हाताखाली शिकला.” खुर्ची पुसून दिली, उसाचा रस मागवला. “तुमच्याकडून काय जास्त घ्यायचंय सर?” इथेच मी अर्धा संपलो होतो.

मग त्याने फ्रिज चालू केला, फ्रिजच्या सॉकेटमध्ये मीटरच्या पिना घातल्या आणि मीटर माझ्याकडे फिरवला. १०.६. “बारा व्होल्टची बॅटरी दहावर आली सर. तुम्हीच सांगा, काय म्हणायचं हिला?” आणि मीच म्हणालो, “गेली.” मास्तरला प्रश्न विचारला की तो उत्तर देतोच, ही खोड जात नाही.

खात्री म्हणून त्याने चिमट्यासारखा लोड टेस्टर बॅटरीच्या टर्मिनलला लावून दाखवला. काटा लाल पट्ट्यात. रात्रभर वापरलेली, चार्ज न केलेली बॅटरी त्या चिमट्याखाली लाल पट्ट्यात जाऊ शकते, चांगली असली तरी. आधी ती पूर्ण चार्ज करायची, काही तास नुसती ठेवायची आणि मग तपासायची. हे मला तेव्हा आठवलं नाही असं नाही. मी बोललो नाही. माणूस इतका अदबीने वागत होता की शंका काढणं अशिष्टपणाचं वाटलं.

बॅटरी चौदा महिन्यांची होती आणि वॉरंटी छत्तीस महिन्यांची. मी कार्ड काढलं. तो म्हणाला, “पाणी कमी पडलंय सर आत. कंपनी हात वर करणार. दोन महिने फेऱ्या माराल.” कार्ड परत पाकिटात गेलं. नवी बॅटरी १६,५००. सोलरचा चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनलमधून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारी डबी, “जळालाय”, तो ४,८००. वायरिंग “सगळं कच्चं आहे”, ते ६,२००. जुनी बॅटरी त्याने २,५००ला वजा धरली. झाले बरोबर २५,०००. हिशेब इतका गोल आला तेव्हा तरी माझ्यातला मास्तर जागा व्हायला हवा होता. पंधरा रोख दिले, दहा यूपीआयने, तेही त्याने सांगितलेल्या दुसऱ्याच कुणाच्या नंबरवर. पावती म्हणून वहीतलं फाडलेलं पान मिळालं, त्यावर ‘गाडीचे काम’ एवढंच. एक गोष्ट मात्र सुचली. जळालेला कंट्रोलर मी मागून घेतला. शाळेतल्या सवयीने, उघडून बघू म्हणून.

पावसाळ्यात फारसे फिरलो नाही, जे फिरलो त्यात फ्रिज गुमान चालला. सप्टेंबरात फुलं बघायला कासला गेलो आणि पहिल्याच रात्री तोच लाल दिवा, तसाच एकेकदा लुकलुकणारा. पुन्हा त्याच दुकानात गेलो. आता म्हणे डायनॅमो चार्जिंग मारत नाही. नऊ हजार. “उद्या सकाळी सोडा गाडी.”

त्या संध्याकाळी गाडी दारात लावत होतो तेव्हा शेजारचे आप्पा फाटकाशी उभे होते. आप्पा एसटीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी रक्कम विचारली नाही, बॅटरी कुठल्या कंपनीची तेही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, “मास्तर, मीटर कुठं लावलावता त्यानं?”

मी सांगितलं, सॉकेटला. आप्पा हसले आणि घरातून स्वतःचा मीटर घेऊन आले.

फ्रिज चालू ठेवून त्यांनी आधी थेट बॅटरीच्या टर्मिनलवर पिना टेकवल्या. १२.३. मग त्याच घटकेला सॉकेटमध्ये घातल्या. १०.८. बॅटरीपासून फ्रिजपर्यंत सहा मीटरच्या वाटेत दीड व्होल्ट गळत होता. त्याच वाटेत तो मे महिन्यातही गळत असणार. त्या दुकानदाराने दाखवलेला १०.६ चा आकडा शंभर टक्के खरा होता. फक्त तो बॅटरीचा नव्हता.

घरच्या २३० व्होल्टमध्ये दीड व्होल्ट गेला तर बल्बलासुद्धा कळत नाही. बारातून दीड गेला म्हणजे आठवा हिस्सा गेला. एसटीच्या बसमध्ये चोवीस व्होल्ट, तिथे तेवढ्याच वॅटला करंट निम्मा, म्हणून हा रोग कमी जाचतो, असं आप्पा म्हणाले. मी त्यांच्यापुढे मान हलवत होतो आणि आतून कानकोंडा होत होतो, कारण हे फळ्यावर लिहायचा पगार मी घेतला होता.

मग त्यांनी जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. घरातल्या अडगळीतली एक लांब वायर काढली, तिने मीटरची एक पिन लांबवली. फ्रिज चालूच. एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं फ्रिजच्या प्लसला. ०.६. मग एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं फ्रिजच्या मायनसला. ०.९. “प्लसच्या वाटंत सहा, मायनसच्या वाटंत नऊ. बेरीज करा मास्तर.” बेरीज दीड. चोर कुठल्या बोळात किती लपलाय हे पाच मिनिटांत समोर आलं. वायर कुठे उसवली नाही, काही उघडलं नाही. एकच अट, ज्याचा त्रास आहे ते यंत्र त्या वेळी चालू हवं. करंट वाहत नसला तर गंजलेला जोडही बारा पूर्ण दाखवतो. तुमच्या गाडीत हा त्रास असेल तर दुकानात जाण्याआधी एवढं घरी करून बघा, चारशे-पाचशे रुपयांचा मीटर पुरतो.

मायनसच्या वाटेवर सीटखाली एक बोल्ट होता, बॉडी अर्थचा, म्हणजे मायनसची वायर गाडीच्या पत्र्याला जोडणारा. आप्पांनी सोडवून माझ्या तळहातावर ठेवला. लगच्या, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या, खाली पत्र्याचा रंग तसाच, त्याच्या कडेने तांबूस भुकटी. मे महिन्यात दुकानदाराने तोच बोल्ट सोडवून परत आवळला होता, त्या घासाघाशीत थोडा गंज निघाला आणि माझा फ्रिज पावसाळाभर चालला. कासचं धुकं लागलं, पुन्हा गंज चढला. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करून बोल्ट आवळला तेव्हा ०.९ चे ०.१ झाले. माझे पंचवीस हजार त्या भुकटीत होते.

प्लसच्या बाजूला ‘नवीन’ वायर. आप्पांनी चाकूने एक तार खरवडली. वरून तांबूस, आत पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. त्यातही चार स्क्वेअर एमएम जाडीची सांगून दीडची घातलेली. फ्रिजचा करंट पाच अँपिअर, तेव्हा ०.६ कुठून आले ते मला लगेच मांडता आलं. एवढंच काय ते माझं त्या संध्याकाळचं योगदान.

पैशांपेक्षा मला राग आला तो पुढच्या गोष्टीचा. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर आधी फ्यूज होता. नव्या वायरिंगमध्ये तो गायब. वायर थेट. ती कुठे पत्र्याच्या धारेवर घासून उघडी पडली असती तर एवढी बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते आणि वायर लालभडक होते. ती वायर आमच्या गादीखालून गेली होती. फ्यूज यंत्राआधी वायरला वाचवतो, म्हणून तो बॅटरीजवळ हवा. काम करून घेतलंत तर बॅटरी ते फ्यूज हे अंतर स्वतः वाकून बघा.

डायनॅमोचा निकाल दोन मिनिटांत लागला. इंजिन चालू करून इंजिनाच्या बॅटरीवर मीटर लावला, १४.१. साडेतेरापुढे ते साडेचौदाच्या आत असलं की सहसा तक्रार नसते. नऊ हजार वाचले.

‘नवी’ बॅटरीही तपासली. आप्पांनी हायड्रोमीटरने, म्हणजे आतल्या आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने, सहाही कप्पे बघितले. पाच कप्प्यांत १.२३५ च्या आसपास, सहाव्यात १.१७०. नव्या बॅटरीत एका कप्प्याचा असा फरक सहसा पडत नाही. स्टिकरचा कोपरा नखाने उचलला तर खाली दुसरा स्टिकर. सिरीयल नंबर कंपनीच्या ग्राहक सेवेला कळवला, त्यांच्या नोंदीत ती बॅटरी भलत्याच ठिकाणी, माझ्या खरेदीच्या दोन वर्षं आधी विकली गेलेली. आणि तो जळालेला कंट्रोलर? आधी बॅटरी, मग पॅनल, या क्रमाने जोडला. हिरवा दिवा लागला, चार्जिंग सुरू. आज गाडीत तोच आहे. म्हणजे चौदा महिन्यांची माझी चांगली बॅटरी मी अडीच हजारांना दिली आणि तिच्या जागी कुणाची तरी टाकलेली साडेसोळा हजारांना घेतली. ती माझी बॅटरी नव्या स्टिकरखाली आज कुणाच्या घरात असेल, असा विचार कधीकधी रात्री येतो.

आप्पांनी सहा स्क्वेअर एमएमची खरी तांब्याची वायर ओढली, जाताना आणि येतानाही, बॉडीच्या भरवशावर काही ठेवलं नाही. लग दाबून बसवले, फ्यूज घातला. सामान १,६५० रुपयांचं. मजुरी म्हणून अर्धा किलो कंदी पेढे, तेही त्यांनी निम्मे आमच्याच नातवाला दिले. सॉकेटला आता फ्रिज चालू असताना १२.१.

दुकानात जाऊन विचारलं. “सर, गेली असं तुम्हीच म्हणालात ना?” खरंच की. फाडलेल्या पानावर ना जीएसटी नंबर, ना बॅटरीचा सिरीयल नंबर. रोख पंधरा हजारांचा पुरावा नाहीच. तरी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बॅटरीचे, दोन्ही स्टिकरचे, वायरच्या खरवडलेल्या टोकाचे फोटो जपून ठेवले. आठवड्याभराने त्याने यूपीआयने सहा हजार पाठवले, खाली लिहिलं, ‘मिटवून टाका सर’. मी मिटवलेलं नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. कागद जमवतोय. जुन्या बॅटरीचं वॉरंटी कार्ड अजून माझ्याच पाकिटात आहे, त्यावरचा नंबर उपयोगी पडेल असं वकील म्हणतात.

परवा पोवई नाक्यावर सिग्नलला तो दुकानदार स्कूटरवर माझ्या बाजूला येऊन थांबला. नमस्कार केला. “काय सर, गाडी कशी आहे?”

“बारा पॉइंट एक,” मी म्हणालो. “सॉकेटला.”

तो सिग्नलकडे बघायला लागला.