हेम्सडेल नदीवर साडेअकरा फुटी दोनहाती रॉड : वसंतातल्या सॅमनच्या हंगामानंतरचा अनुभव

स्कॉटलंडच्या उत्तरेला, सदरलंड भागात, हेम्सडेल नावाची एक लहान नदी आहे. बॅडनलॉखच्या तलावांकडून निघून, किल्डोननच्या दरीतून वाहत येऊन ती हेम्सडेल गावाच्या बंदरापाशी उत्तर समुद्राला मिळते. इन्व्हरनेसहून ए-नाइन रस्त्याने हे गाव सुमारे ११० किलोमीटरवर आहे आणि रेल्वेचा मार्ग दरीत बराच काळ नदीला धरूनच जातो. नदीचा सॅमनचा हंगाम ११ जानेवारीला उघडतो, म्हणजे काठावर बर्फ असतानाच. ज्या रॉडबद्दल मी लिहिणार आहे तो मी याच नदीवर जानेवारीच्या अखेरीपासून मे संपेपर्यंत वापरला. तो साडेअकरा फूट लांबीचा, सात नंबरच्या लाईनसाठी बनवलेला, चार तुकड्यांचा, दोन्ही हातांनी चालवायचा फ्लाय रॉड, म्हणजे केसा-पिसांच्या नकली माशीने (फ्लायने) मासे धरायची काठी आहे. सोबत चोवीस ग्रॅम वजनाचे तरंगते शूटिंग हेड, म्हणजे लाईनचा पुढचा जड भाग, आणि त्याच्या टोकाला जोडायच्या दहा फुटी टिपांचा संच होता. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या मापाचे रॉड अनेक जण बनवतात आणि मला जे सांगायचे आहे ते या मापाबद्दल आहे. लहान नदीवर वसंतातल्या सॅमनसाठी हे माप उत्तम आहे असे माझे ठाम मत झाले आहे. मात्र त्याचे निम्म्याहून अधिक श्रेय मी टिपांच्या संचाला देईन.

हे माप का, हे समजण्यासाठी आधी मासा समजून घ्यावा लागतो. अटलांटिक सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत येतो. समुद्रात एकच हिवाळा काढून परतणारे लहान मासे, ज्यांना ग्रिल्स म्हणतात, ते उन्हाळ्यात येतात. वसंतात येणारा मासा बहुधा समुद्रात दोन किंवा तीन हिवाळे काढलेला, अंगाने भरलेला आणि चांदीसारखा लखलखीत असतो. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये नदीत शिरला, तरी अंडी घालण्याची वेळ शरद ऋतूच्या अखेरीसच येते. मधले सगळे महिने तो नदीत राहतो आणि या काळात तो काही खात नाही. खाण्याची भूकच नसलेल्या माशाने फ्लायला तोंड का लावावे, याची कारणे अनेक सांगितली जातात. अनुभवावरून एवढे नक्की म्हणता येते की थंड पाण्यात तो त्यासाठी लांब धावत नाही. फ्लाय त्याच्या खोलीवर, त्याच्या तोंडासमोरून, सावकाश जावी लागते.

थंडीचा दुसराही परिणाम आहे. पाण्याचे तापमान साधारण पाच अंशांच्या खाली असेल तोवर मासे धबधबा चढायला तयार होत नाहीत. हेम्सडेलवरचा किल्डोननचा धबधबा त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला एखाद्या बंद दरवाजासारखा असतो आणि ताजे मासे त्याच्या खालच्या पट्ट्यातच थांबतात. मार्च संपता संपता पाणी तापू लागले की ते वर सरकतात. म्हणून खिशात थर्मामीटर ठेवणे ही माझ्या मते चैन नसून गरज आहे. सकाळी पहिले काम पाण्याचे तापमान घेणे, आणि त्यावरून कोणत्या डोहावर जायचे व कोणती टिप लावायची हे ठरवणे.

आता रॉड. टे किंवा स्पेसारख्या रुंद नद्यांवर पंधरा फुटी रॉड लागतो, कारण तिथे लाईन लांब फेकावी लागते. हेम्सडेल बहुतेक ठिकाणी इतकी अरुंद आहे की वीस मीटरचा कास्ट, म्हणजे लाईनची फेक, पलीकडच्या काठाला भिडतो. तिथे पंधरा फुटी रॉड हातात असला की लाईनचे जड हेड पुरते रिळाबाहेर येण्याआधीच कास्टचे अंतर संपते आणि रॉड वाकतच नाही. उलट नऊ-दहा फुटी एकहाती रॉडने लांबी पुरते, पण मागच्या उंच काठामुळे लाईन मागे उडवता येत नाही आणि पाण्यावर पडलेली लाईन उचलून ओघापलीकडे ठेवणे जड जाते. साडेअकरा फूट या दोन्हींच्या मधले आहे. रॉडचे वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास असल्याने दिवसभर चालवूनही खांदा दुखत नाही. तो मधून वाकतो, अगदी कडक नाही. आणि थंडीत बधिर झालेल्या बोटांना मधून वाकणारा रॉड फार सोयीचा जातो, कारण हेडचे वजन कधी रॉडवर आले हे बोटांना न कळले तरी मनगटाला कळते.

मागे जागा नसली तरी लाईन फेकता यावी म्हणून एकोणिसाव्या शतकात स्पे नदीच्या काठावर जी पद्धत रुजली, तिलाच स्पे कास्ट म्हणतात. लाईन मागे न फेकता आपल्या शेजारी पाण्यावर टेकवायची, तिचा मागे फुगवटा तयार करायचा आणि तिथूनच ती पुढे सोडायची. वारा नदीच्या खालच्या दिशेने वाहत असेल तर डबल स्पे किंवा स्नेक रोल, वरच्या दिशेने वाहत असेल तर सिंगल स्पे किंवा स्नॅप-टी. हा नियम सुरक्षिततेचा आहे, कारण गळ नेहमी शरीराच्या त्या बाजूला हवा जिकडे वारा त्याला आपल्यापासून दूर नेईल. किल्डोननच्या दरीत वारा एका सकाळीतच दिशा बदलतो, त्यामुळे चारही प्रकार हातात बसलेले असावेत. या रॉडवर डबल स्पे विशेष सुरेख होतो. सिंगल स्पेला मात्र तो थोडीही घाई सहन करत नाही; हेड पाण्यावर नीट टेकण्याआधी हात पुढे गेला तर लाईन ढिगासारखी समोर कोसळते.

टिपांबद्दल सविस्तर लिहायला हवे. हेड तरंगते असते. त्याच्या पुढे दहा फुटांची टिप जोडली की फ्लाय किती खोल जाणार ते ठरते. टिपांवर जो क्रमांक असतो तो साधारणपणे सेकंदाला किती इंच बुडते ते सांगतो. टाइप ३ म्हणजे सेकंदाला सुमारे साडेसात सेंटिमीटर, टाइप ६ म्हणजे त्याच्या दुप्पट. पुस्तकी हिशेबाने फेब्रुवारीत टाइप ६ लावावी. मोठ्या नदीवर ते योग्यही असेल. पण हेम्सडेलसारख्या नदीत डोहांची खोली बेताची असते आणि तळाशी मोठमोठे धोंडे असतात, त्यामुळे टाइप ६ वर तांब्याच्या नळीची जड फ्लाय लावली की ती माशापर्यंत पोचण्याऐवजी धोंड्यात अडकते. मला सर्वात उपयोगी पडली ती टाइप ३ आणि तिच्यावर हलकी प्लॅस्टिकच्या नळीची फ्लाय. खोली कमी पडते असे वाटले तर टिप बदलण्याऐवजी मी कास्टचा कोन बदलत गेलो. पाण्याला काटकोनात फेकलेली लाईन ओघात लगेच ताणली जाते आणि फ्लाय वेगाने वर येते. तीच लाईन खालच्या दिशेने तिरकी फेकली, आणि पडताक्षणी तिचा फुगवटा रॉडच्या टोकाने ओघाच्या वरच्या बाजूला उचलून ठेवला, ज्याला मेंड म्हणतात, तर फ्लाय बुडते आणि हळूहळू आडवी सरकते. साडेअकरा फुटांची लांबी इथे खरी कामाला येते, कारण कास्ट संपल्यावर रॉडचे टोक उंच धरून मधल्या जोरदार धारेवरून लाईन उचलता येते आणि पलीकडच्या संथ पाण्यात फ्लाय क्षणभर जास्त थांबते. सॅमन जिथे विसावतो ती जागा बहुधा नेमकी त्या धारेच्या आणि संथ पाण्याच्या सीमेवर असते.

एप्रिलच्या मध्यापासून पाणी सात-आठ अंशांच्या पुढे गेले की टाइप ३ काढून संथ बुडणारी इंटरमीडिएट टिप लावावी आणि मेमध्ये पूर्ण तरंगती. फ्लायचा आकारही त्याच क्रमाने लहान होत जातो. फ्लायच्या निवडीवर लोक तासन्‌तास बोलतात. मी या हंगामात दोन-तीनच वापरल्या. ब्रोरा ही शेजारची नदी, आणि तिच्याशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या विली गन यांच्या नावाची काळ्या-पिवळ्या-नारिंगी केसांची फ्लाय थंड गढूळ पाण्यासाठी, लांब काळ्या केसांची कॉली डॉग जरा स्वच्छ पाण्यासाठी, आणि ॲली गोवन्स यांची कॅस्केड लहान आकारात मे महिन्यासाठी. एवढे पुरते.

फेब्रुवारीत लाईन ताणली जाते तेव्हा टोकाला बऱ्याचदा केल्ट असतो, म्हणजे मागच्या हिवाळ्यात अंडी घालून समुद्राकडे परतणारा मासा. नवख्याला तो ताजा सॅमन वाटू शकतो, कारण परतीच्या वाटेवर त्याच्या अंगावर पुन्हा रुपेरी चमक येते. ओळखण्याच्या खुणा अशा : अंग लांबट आणि पोट आत गेलेले, डोके शरीराच्या मानाने मोठे, शेपटीच्या आणि परांच्या कडा झिजलेल्या, आणि कल्ले उचलले तर आत पांढरे परजीवी किडे. ताज्या माशाच्या कल्ल्यांत हे किडे नसतात. त्याच्या अंगावर, शेपटीच्या अलीकडे, काही वेळा समुद्री उवा दिसतात आणि गोड्या पाण्यात त्या फार दिवस टिकत नाहीत. केल्ट मारणे कायद्याने गुन्हा आहे. त्याला शक्य तितक्या लवकर सोडावे, कारण त्यांपैकी काही समुद्रात जाऊन पुन्हा येतात.

एप्रिलमधला एक मासा या रॉडची परीक्षा घेणारा होता. धबधब्याच्या खालच्या बाजूला, डोहाच्या शेपटाकडे, जिथे पाणी उथळ होत जाऊन पुढे खळाळते, तिथे फ्लाय सरकता सरकता थांबली. झटका नव्हता, नुसते वजन. अशा वेळी रॉड उचलण्याचा मोह आवरावा लागतो. मासा वळून आपल्या जागी परतू लागला की लाईन आपोआप ताणली जाते आणि गळ त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. रिळातून लाईन जायला लागली तेव्हाच मी रॉड वर घेतला. मासा डोहाच्या शेपटातून खाली खळाळात जाऊ पाहत होता आणि तिथे गेला असता तर धोंड्यांमधून त्याच्यामागे जाणे शक्य नव्हते. रॉड आडवा करून, जवळजवळ पाण्याला समांतर धरून, काठाच्या बाजूने दाब दिला, तेव्हा रॉड मुठीपर्यंत वाकला आणि मासा फिरला. याच मापाचे कडक रॉड मी हाताळले आहेत. त्यांनी गळ उपसला असता असे मला वाटते. बिनगाठीच्या जाळीत, पाण्यातच ठेवून, रॉडवर आधीच केलेल्या खुणांनी मोजला तर तो पंचाहत्तर सेंटिमीटर भरला, म्हणजे साडेचार किलोच्या आसपास. गळाच्या टोकाला उलटा काटा (बार्ब) नव्हता, त्यामुळे चिमट्याने तो एका वळशात निघाला. माशाचे तोंड प्रवाहाकडे धरले. कल्ले नीट चालू लागले आणि शेपटीत जोर आला तेव्हा त्याने स्वतःच हात सोडवून घेतला.

इथे घरच्यांचा प्रश्न दर वेळी तोच असतो, की एवढा खटाटोप करून मासा घरी का आणत नाही. कोकणात गरी टाकून जे मिळेल ते कालवणात जाते, तिथल्या माणसाला हे समजणे अवघड आहे. पण स्कॉटलंडमध्ये २०१५ पासून ३१ मार्चपर्यंत पकडलेला प्रत्येक सॅमन सोडणे बंधनकारक आहे, त्यानंतरही नद्यांची दर वर्षी प्रतवारी होते आणि खालच्या प्रतीच्या नद्यांवर संपूर्ण हंगाम तोच नियम असतो. रॉडने पकडलेला सॅमन विकण्यास २००२ पासून बंदी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेने ग्रेट ब्रिटनमधल्या अटलांटिक सॅमनला संकटग्रस्त ठरवले. वसंतात येणारे मासे त्यातही मोजके. त्यामुळे नियम काहीही सांगो, मला एकही ठेवावासा वाटत नाही. लोणावळ्याला वळवण येथे टाटा पॉवरच्या केंद्रात महसीरची पैदास करून पिल्ले धरणांत आणि नद्यांत सोडली जातात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही भावना परकी वाटणार नाही.

रॉडमधले दोष. पहिला सांध्यांचा. स्पे कास्टमध्ये रॉडला पीळ बसत राहतो आणि तुकडे हळूहळू सैल होतात. वरचा तुकडा कास्टसोबत सुटून जाण्याआधी प्रत्येक सांध्यावर इलेक्ट्रिशियनची चिकटपट्टी गुंडाळणे अपरिहार्य आहे. हा दोनहाती रॉडचा सर्वसाधारण स्वभाव आहे, पण या रॉडवर सांधे जरा लवकरच सैल होतात. दुसरा, ज्यांतून लाईन जाते ती टोकाकडची कडी फार लहान आहेत. तापमान शून्याखाली असले की त्यांत बर्फ साचतो आणि टिप व हेडची जोडणी तिथे अडकते. दर काही कास्टनंतर ती बोटांनी मोकळी करावी लागतात. तिसरा, खालच्या मुठीच्या बुचातला भराव दोन महिन्यांतच निघू लागला. मूठ भरून घेण्याची मागणी मी विक्रेत्याकडे केली, तेव्हा हा वापरातला झिजेचा भाग असल्याचे उत्तर मिळाले. एवढ्या किमतीच्या वस्तूला दिलेले हे उत्तर मला पटलेले नाही.

ज्यांना हा प्रकार करून पाहायचा आहे, ॲबर्डीन किंवा एडिनबराकडे स्थायिक झालेले मराठी लोक तर सहज करू शकतात, त्यांनी दोन गोष्टी आधी पाहाव्यात. स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमन धरता येत नाही. आणि जवळजवळ सर्वत्र सरकारी परवाना लागत नसला तरी सॅमनचा हक्क खासगी असतो, त्यामुळे त्या पट्ट्याची लेखी परवानगी हवीच. हेम्सडेलवर मुखाजवळच्या लहान पट्ट्यासाठी ती गावच्या अँगलिंग असोसिएशनकडून मिळते. सुरुवातीला टाइप ३ आणि इंटरमीडिएट या दोनच टिपा घ्याव्यात, टाइप ६ चे पैसे वाचवून चांगली वेडिंग स्टिक, म्हणजे पाण्यात चालताना आधाराला घ्यायची काठी, आणि लाइफ जॅकेट घ्यावे. पुढच्या जानेवारीसाठी मी हाच रॉड ठेवणार आहे. फक्त चोवीस ग्रॅमऐवजी सव्वीस ग्रॅमचे, थोडे आखूड हेड लावून पाहायचे ठरवले आहे, म्हणजे उंच काठाखालच्या दोन डोहांवर फुगवट्याला कमी जागा लागेल.