गाइड निवडताना: मोठा पट मांडणारे सर की एका कागदात रमणाऱ्या मॅडम?

इतिहासात पीएच.डी. करायची तर विषयाआधी गाइड ठरतो, आणि गाइडची आवड पुढची चार-पाच वर्षं आपली होऊन बसते. मी दोन्ही प्रकारच्या प्राध्यापकांच्या हाताखाली काम केलं आहे.

माझे पहिले सर मोठ्या पटाचे. ब्लॉक आणि फेव्र या फ्रेंच इतिहासकारांनी १९२९मध्ये ‘अनाल’ नियतकालिक सुरू केलं, त्या परंपरेतले. लोकसंख्या, पिकं, धान्याच्या किमती. त्यांचा तास ऐकावा असाच. तीन शतकं डोळ्यांपुढून सरकायची. आकडेमोडीची गोडी असेल तर हा रस्ता भक्कम आहे.

मॅडमचा विषय सूक्ष्म इतिहास, म्हणजे एखाद्याच माणसाच्या किंवा गावाच्या कागदांतून त्या काळाकडे पाहणं. इटालियन इतिहासकार गिन्झबुर्ग यांनी उजेडात आणलेला मेनोक्कियो हा इटलीतला गिरणीवाला त्या वर्गात घ्यायच्या. १५८४मध्ये त्याच्यावर पाखंडाचा, म्हणजे चर्चविरोधी मतांचा, खटला चालला, १५९९मध्ये दुसरा, आणि त्यात त्याला देहदंड झाला. जबानीची दोन पानं हातात देऊन मॅडम विचारायच्या, यातले शब्द त्याचे किती आणि लिहून घेणाऱ्याचे किती? तास संपायचा, पान संपायचं नाही.

माझं अडलं ते मापांपाशी. सरांकडे मी युरोपातल्या धान्याच्या किमतींचा तक्ता करत होतो, सगळा मेट्रिक पद्धतीच्या आधीचा. माप एकाच नावाचं, पण दर बाजारात वेगळं. त्यातही ते शीग लावून भरलेलं की सपाट, हे छापील तक्त्यात कुठेच नाही. सर म्हणाले, सरासरी धर आणि पुढे चल. लांबच्या मालिकेत लहान चुका एकमेकींना खातात. एरवी ते खरंही असेल. पण जमीनदार धान्य घेताना शीग लावून घेई आणि देताना सपाट देई, तर ती चूक एकाच बाजूला झुकलेली असते. ती कुठून खाल्ली जाणार? आलेखातली चढण महागाईची की शिगेची, हे मला कधीच सांगता आलं नाही. मूळ वही मी पाहिलीच नव्हती. दीड वर्षानंतर मी गाइड बदलला.

मॅडमकडेही सुख होतं असं नाही. जुनी लिपी शिकण्यात वर्ष जातं, कागद अर्धवट निघाला तर विषयच कोसळतो, आणि ‘एका माणसावरून काय सिद्ध होतं?’ हा प्रश्न दर सादरीकरणाला येतो. त्याचं पुरतं समाधानकारक उत्तर माझ्याकडे आजही नाही. तरी शंका आली की कागदाकडे परत जाता येतं. मला तेवढं पुरलं. तुमचा स्वभाव वेगळा असू शकतो.

नाव नोंदवण्याआधी दोघांच्याही तासाला बसा आणि एवढंच विचारा: हा आकडा कुणी, कशानं मोजून लिहिला? मॅडमनी त्यावर पुढचे दोन तास घेतले होते.