थ्री पीस इम्प्लांट: वर्षभर वापरून लिहिलेला रिव्ह्यू (बायकोला दाखवूनच टाकतोय)

माझं अख्खं आयुष्य बेळगावच्या उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियात हायड्रॉलिकच्या कामात गेलं, त्यामुळं सिलिंडर, पंप, व्हॉल्व्ह, लीकेज हे शब्द मला नवे नाहीत. लिंगाला ताठरपणा येत नाही म्हणून आत बसवायच्या ह्या इम्प्लांटचा डेमो पीस डॉक्टरांनी हातात दिला तेव्हा पहिल्यांदा मी सीलच चेक केलं, सवयच ती. वय पन्नाशीच्या पुढं, शुगर जुनी. बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात आपल्यासारखे किती असतील देव जाणे, पण मराठीत कोण लिहीत नाही म्हणून मी लिहितोय. लाजणाऱ्यांनी इथंच थांबा, मला काय राग नाही.

आधी प्रॉडक्ट म्हणजे काय ते. दोन लांब सिलिंडर लिंगाच्या आत दोन्ही बाजूला बसवतात, सलाईनची छोटी पिशवी पोटात मूत्राशयाच्या जवळ आणि पंप खाली अंडकोषाच्या पिशवीत. बोटानं पंप दाबत गेलं की पाणी सिलिंडरमध्ये येतं आणि ताठरपणा येतो, काम झालं की रिलीजचं बटण दाबायचं, पाणी परत पिशवीत. बाहेरून काहीच दिसत नाही, एक लहानशी खूण सोडली तर. हे तंत्र १९७३ पासूनचं आहे, अमेरिकेतल्या डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी पहिल्यांदा आणलं, म्हणजे कालपरवाचा प्रयोग नाही. आपल्याकडं एएमएस ७०० आणि टायटन ही दोन नावं ऐकायला मिळतात, दोन्ही बाहेरची आणि महाग, काही लाखांत जातं सगळं मिळून.

गोळ्या आधी खाऊन झाल्या होत्या. सुरवातीला चालल्या, नंतर नुसतं डोकं दुखायचं आणि तोंड लाल व्हायचं, बाकी शून्य. मग इंजेक्शन, ते पण तिथंच टोचून घ्यायचं, ऐन वेळी सुई काढून बसलेल्या नवऱ्याकडं बघून कुठल्या बाईला प्रेम येणार सांगा बघू.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी लोक शोधत येतात. मजा येते का?

येते. पण इम्प्लांट मजा देत नाही, ते फक्त ताठरपणा देतं, हे आधी डोक्यात बसवा. स्पर्शाच्या नसा वेगळ्या, त्या सिलिंडरच्या बाहेरून जातात, त्यामुळं कातडीची आणि पुढच्या टोकाची जाणीव ऑपरेशनच्या आधी जी होती तीच साधारण राहते. क्लायमॅक्स आणि वीर्य येणं हे पण वेगळं खातं आहे. आधी होत असेल तर नंतर होतं. आधीच शुगरनं नसा मंदावल्या असतील तर इम्प्लांट त्या जाग्या करून देत नाही. माझ्या बाबतीत वीर्य कमी येतं, ते शुगरमुळं मागं मूत्राशयात जातं असं डॉक्टर म्हणाले, त्यात मशीनचा दोष नाही. प्रोस्टेट काढलेल्यांना वीर्य येतच नाही पण क्लायमॅक्स येऊ शकतो. आणि मनात इच्छाच नसेल तर पंप दाबून इच्छा येत नाही, तिथं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) बघायचं, नाहीतर घरातलं भांडण बघायचं.

सुरवातीचे काही महिने मला वेळ लागायचा, सगळं ताठ पण शेवटाला पोचायला उशीर. कारण लक्ष सगळं मशीनकडं. दाबलं का नीट, किती भरलं, लीक तर नाही ना. एकदा बायको म्हणाली, "सोडा की ओ तो पंप, हसू येऊलंय मला, वर्कशॉपात आहात का घरात?" तिथून जरा सुटलो. आणखी एक गोष्ट तिनंच काढली. क्लायमॅक्स झाला तरी हे आपोआप उतरत नाही, तुम्ही बटण दाबेपर्यंत तसंच राहतं. मी हे मोठ्या कौतुकानं सांगितलं तर ती म्हणाली, "मग आता घाई नाही न्हवं, आधी जरा बोला माझ्याशी." खरं सांगू, इतक्या वर्षांत आम्ही "होतंय तोवर उरका" अशाच घाईत होतो. आता आधी हातपाय दाबणं, गप्पा, पाठीवर हात, मग कधीतरी पंप. कधीकधी पंपाची पाळीच येत नाही आणि कुणाला वाईट पण वाटत नाही. बऱ्याचदा पंप तीच दाबते, तिला माझ्यापेक्षा पटकन सापडतो.

पण हे कुठल्याच डॉक्टरनं आम्हाला सांगितलं नव्हतं. जिथं ऑपरेशन केलं तिथलं सर्जरीचं काम एक नंबर, पण समजावणं एकदम कच्चं. बायकोला बाहेर बाकड्यावर बसवून ठेवलं आणि सगळं मला एकट्याला. कागद कन्नड आणि इंग्लिशमध्ये, मला कन्नड बोलायला येतं, वाचायला धड नाही, आणि ती खानापूरकडची, तिचं सगळं शिक्षण मराठीत. फॉलोअपला मीच हट्ट केला तेव्हा डेमो पीस तिच्या हातात दिला. तिनं दोनदा दाबला, सिलिंडर फुगलेला बघितला, वाकवून बघितला आणि विचारलं, "ह्यांना दुखत नाही न्हवं?" एवढी एकच भीती घेऊन ती बसली होती, आणि हे आधी विचारायला कुणी तिला आत बोलावलंच नव्हतं.

बायकांच्या बाजूचं पण कोण बोलत नाही. मधे बरीच वर्षं काही झालेलं नसतं, पाळी गेलेली असते, आत कोरडेपणा येतो, आणि नवरा एकदम लोखंडासारखा ताठ होऊन येतो. त्रास होणारच. ओलावा देणारी पाण्याची जेली घ्या, लाजू नका, गरज वाटली तर तिला बाईडॉक्टरांकडं न्या. मी जेली आमच्या गल्लीतल्या मेडिकलात न मागता शहापूरला जाऊन आणली, ते सोडा.

आता कमतरता. एक, पुढचं टोक फुगत नाही, मागचं कडक आणि पुढचं मऊ असं राहतं, थोडं गार पण लागतं. डॉक्टर काहींना त्यासाठी गोळी देतात, पण छातीसाठी नायट्रेटची गोळी चालू असणाऱ्यांनी ती घ्यायची नाही म्हणजे नाही. दोन, लांबी. तरुणपणीची लांबी परत मिळत नाही. ऑपरेशनच्या आधी हातानं ओढून जेवढी भरते साधारण तेवढीच मिळते, काहींना तर कमी झाल्यासारखी वाटते, मला वाटली. तीन, रिलीज बटण. लहान आहे आणि सूज उतरेपर्यंत सापडता सापडत नाही. डिझाइन करणाऱ्याला आमच्या फोरमननं सुनावलं असतं.

ऑपरेशननंतर अंडकोषाची पिशवी सुजून काळीनिळी होते, घाबरू नका. साधारण चार ते सहा आठवडे संबंध बंद, मग डॉक्टर पंप शिकवतात आणि रोज भरून उतरवायची प्रॅक्टिस करायला लावतात. पहिल्यांदा दाबताना चांगलंच दुखतं. खानापूर रोडचे खड्डे आणि स्कूटर ह्या काळात टाळाच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे वन वे आहे. आतला स्पंजसारखा भाग कायमचा जातो, उद्या इम्प्लांट काढलं तरी गोळीनं पहिल्यासारखं होणार नाही. म्हणून गोळी, इंजेक्शन, बाहेरून लावायचा व्हॅक्यूम पंप सगळं करून बघितल्याशिवाय इकडं येऊ नका. इन्फेक्शन शंभरात एक ते तीन जणांना होतं म्हणतात, शुगर वर असेल तर धोका जास्त, आणि झालं तर बहुतेक वेळा सगळं काढावं लागतं. मला शुगर खाली येईपर्यंत डॉक्टरांनी तारीखच दिली नाही. कुंदा बंद, चहात साखर बंद. तेव्हा राग आला होता. मशीन आहे म्हणजे कधीतरी बिघडणार, पण बहुतेकांचं १० वर्षं तरी चालतं, नंतर दुसरं बसवता येतं.

बजेट नसेल किंवा बोटांना संधिवात असेल तर वाकवायचं इम्प्लांट बघा, त्यात पंप नाही, हातानं वर-खाली करायचं. मुंबईच्या डॉ. रूपिन शाह यांनी बनवलेलं शाह इम्प्लांट त्यातलंच, भारतीय आहे आणि बरंच स्वस्त. ते कायम कडकच राहतं, त्यामुळं पातळ पॅंट घालताना विचार करावा लागतो, पण बिघडायला त्यात फारसं काही नाही.

माझे पाचपैकी चार स्टार मशीनला. समजावणीला एक, तो पण नर्सबाईंमुळं.

आणखी एक, इम्प्लांटचं कार्ड देतात ते जपून ठेवा. पुढं कधी दुसऱ्या दवाखान्यात लघवीची नळी घालायची किंवा एमआरआय काढायची वेळ आली तर आधी सांगावं लागतं, आणि तेव्हा आपण शुद्धीवर असूच असं नाही, म्हणून घरात एकाला तरी माहीत पाहिजे. थोरल्या जावयाला सांगायची माझी हिंमत नाही, कार्ड बायकोच्या पर्समध्ये आहे, रेशन कार्डाच्या मागं.