लिनक्सवरून विंडोज: रेमिना, आरडीपी आणि मराठी टायपिंगचा छळ

मी फुकटात वापरत होते त्या रिमोट अ‍ॅपने एक दिवस कनेक्शन मधेच तोडलं. तुमचा वापर व्यावसायिक दिसतो, म्हणे! घरातल्या एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जाणं यात कसला आलाय व्यवसाय? दाद मागायचा फॉर्म भरला, उत्तर नाही. वर्गणी भरायचा प्रश्नच नव्हता. विंडोज प्रोमध्ये आरडीपी, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून विंडोज चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय, आधीपासूनच असतं आणि लिनक्सवर त्याच्याशी बोलणारं रेमिना हे अ‍ॅप मोफत आहे. गेले कित्येक महिने हीच जोडी वापरतेय.

सेटअप सगळ्यांना ठाऊक आहे, तो सांगत नाही. फक्त समोर विंडोज होम असेल तर वेळ घालवू नका. होमवरून दुसरीकडे जाता येतं, होमवर आरडीपीने येता येत नाही.

वेग उत्तम. आवाज, फाइल, कॉपी-पेस्ट सगळं चालतं, कॉपी केलेलं मराठीही जसंच्या तसं पोचतं. क्वालिटी मात्र 'बेस्ट'वर ठेवा. सगळ्यात खालच्या पर्यायात फॉन्ट स्मूदिंग (अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणं) बंद असतं आणि बारीक अक्षरातले अनुस्वार, रफार वाचताना डोळे दुखतात.

आता खरी डोकेदुखी: टायपिंग. मी दिवसभर मराठी लिहिते. लिनक्सवर कळफलक मराठी केला, रेमिनात गेले, तर विंडोजमध्ये इंग्रजीच उमटतं. कारण आरडीपी सहसा अक्षर पाठवत नाही, कोणती कळ दाबली तेवढंच पाठवतं. त्या कळीचं 'क' करायचं की 'k', हे समोरचं विंडोज ठरवतं. म्हणजे आयबस (लिनक्सवर वेगवेगळ्या भाषा टाइप करायची सोय) वापरून फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी कळा दाबून लिहिणाऱ्यांची सोय लिनक्समध्येच राहते. विंडोजवर मराठी कळफलक वेगळा घालावा लागतो. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक वापरणाऱ्यांचं त्यातल्या त्यात बरं, दोन्हीकडे अक्षरांच्या जागा त्याच.

बरं, तो घातला तरी बदलायचा कसा? विंडोज-स्पेस दाबलं की ग्नोम, म्हणजे माझ्या लिनक्सचा डेस्कटॉप, ते स्वतःच गिळतो आणि इकडचाच कळफलक बदलतो. दर दोन ओळींनी माउस उचलून टास्कबारवर क्लिक करत बसायचं! लिहिण्याची लयच जाते. या एका गोष्टीपायी मी रेमिना काढून टाकणार होते.

मधे व्हीएनसी या दुसऱ्या रिमोट पद्धतीकडे वळून पाहिलं. व्हीएनसी कळीऐवजी अक्षराचा कोड पाठवतं, त्यामुळे समोरच्या कॉम्प्युटरवरच्या व्हीएनसी सर्व्हरला तो समजला तर काम होतं. माझ्या सर्व्हरला इंग्रजी समजलं, देवनागरी नाही. शिवाय स्क्रोल करताना चित्र अडखळायचं. एक गोष्ट मात्र व्हीएनसीची खरंच चांगली: समोर बसलेल्याला आणि आपल्याला एकच स्क्रीन दिसते. विंडोज प्रोवर आरडीपीने शिरलं की तिथली स्क्रीन लॉक होते. कोणाला शिकवायचं असेल तर आरडीपी निरुपयोगी.

मग रेमिनातलं कीबोर्ड ग्रॅब सापडलं आणि माझं मत बदललं. उजवं कंट्रोल दाबलं की सगळ्या कळा थेट विंडोजला जातात. वेलँडवर (लिनक्सची स्क्रीनवर चित्र दाखवायची नवी पद्धत) ग्नोम आधी परवानगी विचारतो, ती द्यायची. विंडोज-स्पेस, ऑल्ट-टॅब सगळं तिकडे. बाहेर यायला पुन्हा उजवं कंट्रोल. इतकी महत्त्वाची सोय टूलबारच्या एका चिन्हामागे का दडवलीय, हे मला पटत नाही. पहिल्यांदा कनेक्ट होतानाच ती विचारायला हवी.

घराबाहेरून वापरणार असाल तर राउटरवर ३३८९ हे आरडीपीचं पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडू नका. २०१९ मध्ये ब्लूकीप ही त्रुटी सापडली, तेव्हा पासवर्डशिवाय आत शिरता येत होतं, आणि मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा पॅच (दुरुस्ती) काढला होता. मी आधी वायरगार्ड या व्हीपीएनने (सुरक्षित खासगी जोडणीने) घरच्या नेटवर्कमध्ये येते, मगच आरडीपी.

उलट दिशेने, विंडोजवरून लिनक्सवर यायचं असेल तर ग्नोम ४६ पासून लॉगिन स्क्रीनपर्यंत आरडीपीने पोचता येतं. आधी लिनक्सवर कोणीतरी लॉगिन केलेलं असावं लागायचं. मराठी टायपिंग तिकडून कसं चालतं ते तपासतेय, जमलं की इथेच भर घालेन.