मोअर फन ७३ की सेन्सेशन १?

दोन्ही तेव्हाचे दहा सेंटवाले अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्सचे अंक, यातला भारी कोणता? मोअर फनचा ७३वा नोव्हेंबर १९४१चा, समुद्रातला हिरो अ‍ॅक्वामॅन आणि तिरंदाज ग्रीन अ‍ॅरो दोघं पहिल्यांदा यातच आले, पण कव्हरवर जादूगार हिरो डॉक्टर फेट, बोला आता! अ‍ॅक्वामॅन थेट नाझी पाणबुडीशी भिडतो, बाकी भूत-हिरो स्पेक्टर वगैरे नेहमीची मंडळी.

सेन्सेशनचा पहिला अंक जानेवारी १९४२चा, कव्हरवर वंडर वूमन आणि आत ती चक्क पैसे देऊन डायना प्रिन्स नावाच्या नर्सची ओळखच विकत घेते, कारण त्या बिचारीला होणाऱ्या नवऱ्याकडे साऊथ अमेरिकेला जायचंय 😄 शिवाय वाइल्डकॅट, म्हणजे खुनाच्या आरोपात अडकलेला बॉक्सर, ज्याला वेष घालायची आयडिया एका पोराच्या ग्रीन लँटर्न कॉमिकवरून सुचते. आपलं मत सेन्सेशनला.