मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर: पेंबा, माफिया आणि म्नेंबाच्या पाण्यातला अनुभव

नोकरी टांझानियातल्या दार-एस-सलामला, त्यामुळे जोडून सुट्टी आली की फेरी नाहीतर छोटं विमान पकडायचं आणि पाण्यात बुडी मारायला बेट गाठायचं: पेंबा, माफिया नाहीतर झांझिबारजवळचं म्नेंबा. मास्क माझा स्वतःचा, बाकी सगळं भाड्याचं. त्यात हा डाइव्ह कॉम्प्युटर घेतला, म्हणजे खोली, वेळ आणि दाबाखाली अंगात मुरणारा नायट्रोजन यांचा हिशेब ठेवणारं मनगटी यंत्र: काळा-पांढरा पडदा, एकच बटण, सिलिंडरमधली हवा न दाखवणारा, सगळ्यांत साधा प्रकार. काही महिने वापरल्यावर सांगते, पाण्याखालच्या कॅमेऱ्याआधी पैसे इथे घाला.

त्याची खरी किंमत पेंबाला कळते. पेंबा आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये खोल खाडी आहे, प्रवाळाच्या भिंती सरळ खाली उतरतात आणि पाणी इतकं नितळ की १८ मीटर आणि २८ मीटर डोळ्यांना सारखेच वाटतात. मालवणला पाण्याचा रंगच खोली सांगतो, इथे ती सोय नाही. वर येताना नायट्रोजन सोडायला सक्तीचे थांबे घ्यावे न लागता १८ मीटरवर पहिल्या डाइव्हला पन्नासेक मिनिटं मिळतात, ३० मीटरवर वीससुद्धा मिळत नाहीत. सोबत उतरणाऱ्या वाटाड्याच्या, म्हणजे डाइव्ह मास्टरच्या मनगटावरचा आकडा त्याच्या खोलीचा असतो. तुम्ही त्याच्या पाच मीटर खाली कासव बघत रेंगाळला असाल, तर तुमचा नायट्रोजन तो मोजत नाही.

माफियाला प्रकार वेगळा. चोले बे या उपसागराच्या तोंडाशी किनासी पास ही समुद्रात उघडणारी वाट आहे, तिथे भरतीचं पाणी आत येत असताना उतरतात, म्हणजे प्रवाह उपसागरात नेतो, बाहेर समुद्रात नाही. मासे मुबलक, पण करंट कधी वर उचलतो तर कधी खाली दाबतो. वर येण्याचा वेग वाढला की हा किंचाळतो. सुरुवातीला वैताग यायचा, आता आवाज होण्याआधीच हात इन्फ्लेटरकडे, म्हणजे जॅकेटमधली हवा भरायच्या-सोडायच्या नळीकडे जातो. वर येताना खबरदारी म्हणून पाच मीटरवर थांबतात, त्या सेफ्टी स्टॉपची तीन मिनिटंही तोच उलटी मोजतो.

विमानाचं गणित इथे फार महत्त्वाचं. अंगात नायट्रोजन उरलेला असतो, म्हणून लागोपाठच्या डाइव्हनंतर निदान १८ तास उड्डाण नको, हा सर्वमान्य सल्ला. हा यंत्रोबा २४ तास धरतो, त्यामुळे रविवारी संध्याकाळच्या विमानासाठी शनिवारी दुपारीच पाण्याबाहेर यावं लागतं. झांझिबारहून फेरीनं परतलं तर ही कटकट नाही, म्हणून म्नेंबाचा बेत मला सोपा पडतो.

तापमानाची नोंद अनपेक्षितपणे कामाची निघाली. मार्चमध्ये २९ अंश, ऑगस्टमध्ये २५. जूनपासून कुसी हा दक्षिणेकडचा मोसमी वारा जोर धरतो, तोच विषुववृत्त ओलांडून आपल्याकडे पाऊस आणतो. तेव्हा ३ मिलिमीटर जाडीचा वेटसूट (अंगाला ऊब देणारा रबरी पोशाख) दुसऱ्या डाइव्हला थरथरवतो, ५ मिलिमीटरचाच मागा. मात्र उन्हात होडीवर तापलेलं यंत्र पहिली काही मिनिटं खोटंच तापमान दाखवतं.

तक्रारी आहेतच. एका बटणावर मेनू फिरवताना बोटं दुखतात. वेटसूटवरून बांधायला पट्टा तोकडा पडतो, जोडपट्टी वेगळी घ्यावी लागली. पडद्यावर पहिल्याच महिन्यात ओरखडे, तेव्हा संरक्षक फिल्म लगेच लावा. बॅटरी घरी बदलता येते, पण सोबतचं रबरी कडं नवं घाला, जुनं पुन्हा बसवू नका. रात्रीच्या डाइव्हला पडद्याचा दिवा मंद वाटतो. तशा डाइव्ह नियमित करणार असाल तर जास्त पैसे मोजून रंगीत पडद्याचा घ्या, दिवसाच्या पाण्यात मला याचं काही अडलं नाही.