आलंड यांचा ‘सिनॉप्सिस ऑफ द फोर गॉस्पेल्स’: अनेक महिन्यांच्या वापरानंतर

ईश्वरविज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमात नव्या कराराचा पेपर असलेल्या विद्यार्थ्याने पदरचे पैसे खर्चून एकच संदर्भग्रंथ घ्यायचा ठरवला, तर मी त्याला कोणतेही भाष्य सुचवणार नाही. कुर्ट आलंड यांनी संपादित केलेला ‘सिनॉप्सिस ऑफ द फोर गॉस्पेल्स’ हा ग्रीक-इंग्रजी ग्रंथ घे, असेच सांगेन. त्याची ही आवृत्ती प्रथम १९७२ मध्ये निघाली आणि जगभरातील सेमिनरींच्या वाचनालयांत ती आजही हाताशी ठेवलेली असते. शुभवर्तमानांवरील, म्हणजे नव्या करारातील येशूच्या जीवनाच्या चार वृत्तांतांवरील, पेपरसाठी मी तो आधी नाइलाजाने उघडू लागले, नंतर प्रत्येक निबंधासाठी आणि आता प्रत्येक उपदेशाच्या तयारीसाठीही उघडते. ग्रंथात उणिवा आहेत, काही तर मूळ रचनेतल्याच आहेत, आणि त्यांबद्दल पुढे लिहिले आहे. परंतु मत्तय, मार्क, लूक आणि योहान हे चार स्वतंत्र लेखक आहेत, ही गोष्ट वर्गात अनेकदा ऐकूनही जितकी पटली नव्हती, तितकी ती या ग्रंथाच्या पानांवर पटली.

रचना अशी आहे. चारही शुभवर्तमानांचे साडेतीनशेहून अधिक लहान प्रसंगखंड पाडून त्यांना क्रमांक दिले आहेत. डाव्या पानावर ग्रीक मजकूर आणि समोरच्या उजव्या पानावर त्याचे इंग्रजी भाषांतर, दोन्हींकडे उभे स्तंभ, आणि एकच प्रसंग किंवा वचन ज्या ज्या शुभवर्तमानांत येते त्यांचे मजकूर शेजारी-शेजारी, शक्य तेथे ओळीला ओळ जुळवून. खाली हस्तलिखितांतील पाठभेदांच्या टिपा असतात. एखादा प्रसंग मत्तयात एका ठिकाणी आणि लूकात दुसऱ्याच संदर्भात येत असेल, तर तो दोन्ही ठिकाणी पुन्हा छापलेला असतो; त्यामुळे कोणतेही एक शुभवर्तमान त्याच्या स्वतःच्या क्रमाने वाचत गेले, तरी समांतर मजकूर जागच्या जागी सापडतो. सुरुवातीला ही पुनरुक्ती पाने वाढवणारी वाटते, पण निबंध लिहिताना तिचे मोल कळते.

हा ग्रंथ कशासाठी आहे, हे समजण्यासाठी तो कशासाठी नाही, हे आधी सांगितले पाहिजे. चार शुभवर्तमाने एकत्र गुंफून येशूचे एकच सलग चरित्र तयार करण्याची परंपरा फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात ततियान या ख्रिस्ती लेखकाने ‘दियातेस्सारोन’ रचले ते याच हेतूने, आणि सिरियाक मंडळ्यांत ते दीर्घकाळ उपासनेत वाचले जात होते. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ मधील ‘ख्रिस्तपुराणा’चा दुसरा भागही प्रभूचे जीवन एका सलग कथेच्या रूपाने ओवीबद्ध करतो, आणि मराठी ख्रिस्ती घरांतील नाताळच्या देखाव्यात मत्तयाचे मागी (पूर्वेकडून आलेले ज्ञानी) आणि लूकाचे मेंढपाळ एकाच गोठ्यापुढे उभे असतात ते याच वृत्तीने. या वृत्तीत भक्तीच्या दृष्टीने वावगे काही नाही. परंतु जर्मन अभ्यासक योहान याकोब ग्रीसबाख यांनी १७७० च्या दशकात स्तंभांत मांडलेला सिनॉप्सिस छापला, तो नेमका याच्या उलट हेतूने: मजकूर एकमेकांत विरघळवायचे नाहीत, तर त्यांतील साम्य आणि फरक दोन्ही उघडे ठेवायचे. आलंड यांचा ग्रंथ त्याच घराण्यातला आहे.

प्रत्यक्ष अभ्यासात काय घडते, ते एका उदाहरणाने सांगते. याईराची मुलगी आणि रक्तस्रावाने पीडित स्त्री, ही जोडकथा मार्क ५:२१–४३, मत्तय ९:१८–२६ आणि लूक ८:४०–५६ येथे आहे. पान उघडताच, एक अक्षरही वाचण्याआधी, स्तंभांची लांबी डोळ्यांत भरते: मार्काला तेवीस वचने लागतात, मत्तय नऊ वचनांत प्रसंग संपवतो आणि त्याच्या स्तंभात मोठमोठ्या रिकाम्या जागा राहतात. मग वाचू लागले की त्या रिकाम्या जागांचा अर्थ लागत जातो. मत्तयात वडिलांचे नावच नाही, तो केवळ एक अधिकारी आहे. आणि मार्कात मुलगी मरणाच्या दारी असताना बाप येतो, तर मत्तयात ती आत्ताच मेली, असे तो पहिल्याच वाक्यात सांगतो. साहजिकच वाटेत निरोप घेऊन येणारी माणसे मत्तयाला लागत नाहीत, आणि ती तेथे नाहीतच. गर्दीत मला कोणी शिवले, या प्रश्नावर मार्कातील शिष्य जवळजवळ वैतागून उत्तर देतात. लूकात तेच बोलणे पेत्राच्या तोंडी अधिक आदराने येते. मत्तयात ते नाही. शेवटी मुलीचा हात धरून प्रभू जे बोलतो ते ‘तलीथा कूम’ (मुली, ऊठ) हे अरामी शब्द फक्त मार्काने जपले आहेत.

याच प्रसंगात पाठभेदांच्या टिपाही किती उपयोगी पडतात ते दिसते. त्या स्त्रीने पुष्कळ वैद्यांच्या हातून हाल सोसले, जवळचे सर्व खर्च केले आणि तरी दुखणे वाढतच गेले, असे मार्क स्पष्ट लिहितो. लूक एवढेच म्हणतो की तिला कोणाकडूनही बरे वाटू शकले नाही. तिने आपली सर्व मिळकत वैद्यांवर खर्च केली होती, हे शब्द लूकाच्या मूळ मजकुरात होते का, याबद्दल शंका आहे, कारण व्हॅटिकनस हस्तलिखितात आणि ७५ क्रमांकाच्या पपायरसात, म्हणजे दोन अतिशय प्राचीन ग्रीक प्रतींत, ते नाहीत. लूक स्वतः वैद्य असल्यामुळे त्याने आपल्या व्यवसायबंधूंची लाज राखली, हे स्पष्टीकरण आपल्या उपदेशांतून वारंवार ऐकू येते. पानाच्या तळाशी असलेली ती टीप वाचल्यावर इतक्या नाजूक पुराव्यावर एवढे ठाम विधान करू नये, असे माझे मत झाले. लूक मार्काचा मजकूर इतर अनेक ठिकाणीही आटोपशीर करतो, आणि तेथे वैद्यांचा काही संबंध नसतो.

सहदर्शी शुभवर्तमानांचा, म्हणजे मत्तय, मार्क आणि लूक यांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न हा या पेपरचा कणा असतो. मार्काच्या ६६१ वचनांपैकी ६०० हून अधिक वचनांचा आशय मत्तयात सापडतो, हा आकडा पाठ करणे सोपे आहे. पण मार्क आधी लिहिले गेले आणि मत्तय व लूक यांनी ते समोर ठेवले, शिवाय ‘क्यू’ नावाचा, आज उपलब्ध नसलेला वचनसंग्रह वापरला, हा सिद्धान्त कशावरून मांडला गेला, हे स्तंभ पाहिल्याशिवाय उमगत नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा उपदेश मत्तय ३:७–१० आणि लूक ३:७–९ येथे ग्रीकमध्ये जवळजवळ शब्दशः सारखा आहे आणि मार्काचा स्तंभ तेथे पूर्ण कोरा आहे. ते पान पाहिले की एखादा समाईक लिखित आधार मानण्याची गरज अभ्यासकांना का वाटली, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आणि त्याच ग्रंथात त्या सिद्धान्ताला खडा लागणारी पानेही आहेत. प्रभूची विटंबना होते त्या प्रसंगात मार्क १४:६५ मध्ये मारणारे केवळ भविष्य सांग, असे म्हणतात. मत्तय २६:६८ आणि लूक २२:६४ मध्ये मात्र तुला कोणी मारले, हा प्रश्न पुढे येतो, आणि ग्रीकमध्ये त्याचे पाचही शब्द दोघांकडे तंतोतंत तेच आहेत. दोघांनी एकमेकांचे लेखन न पाहता केवळ मार्क समोर ठेवला असेल, तर हे कसे घडले? १९२४ मध्ये नव्या कराराचे अभ्यासक स्ट्रीटर यांनी असे सुचवले की मत्तयातील ते शब्द नंतरच्या नक्कलकारांनी लूकातून उचलले असावेत. १९५५ मध्ये दुसरे अभ्यासक फॅरर यांनी लूकासमोर मत्तयाचे शुभवर्तमान होते, असे मानून ‘क्यू’ची गरजच नाकारली. माझे मत अजून मार्क-प्रथम या बाजूचे आहे, पण ‘क्यू’बद्दल मी आता पूर्वीइतक्या खात्रीने लिहीत नाही. पाठ्यपुस्तक बहुधा एका सिद्धान्ताच्या बाजूने झुकते. सिनॉप्सिस मात्र विद्यार्थ्याला मूळ पुराव्यापुढे बसवतो.

वापरण्याची माझी पद्धत साधी आहे. हव्या त्या ग्रीक पानाची झेरॉक्स काढून त्यावर रंगीत पेन्सिलींनी काम करते: तिघांकडे समान असलेले शब्द एका रंगात, फक्त मत्तय-मार्क यांचे दुसऱ्या, मार्क-लूक यांचे तिसऱ्या आणि मत्तय-लूक यांचे चौथ्या रंगात. हे काम वेळखाऊ आहे आणि एका लहान प्रसंगालाही संध्याकाळ पुरत नाही, परंतु त्याला पर्याय नाही. समान शब्दांची ही मोजणी ग्रीक स्तंभांतच करावी लागते. इंग्रजी भाषांतर किंवा आपले मराठी पवित्र शास्त्र शेजारी ठेवावे ते आशय पटकन लक्षात यावा म्हणून. शब्दसाम्याचा पुरावा म्हणून त्यांचा आधार घेऊ नये. म्हणूनच ग्रीकचे पहिले वर्ष पूर्ण होण्याआधी हा ग्रंथ घेण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्या अभ्यासक्रमात ग्रीक नाही, त्यांना थ्रॉकमॉर्टन यांचे ‘गॉस्पेल पॅरलल्स’ हे केवळ इंग्रजीतील पुस्तक पुरेल, मात्र त्याचा रोख पहिल्या तीन शुभवर्तमानांवर आहे.

आता उणिवांकडे. सर्वांत मोठी उणीव अशी की प्रसंगांचे तुकडे पाडल्यामुळे लेखकाची कथनशैली तुटते. मार्क एका प्रसंगाच्या पोटात दुसरा प्रसंग ठेवतो, आणि ती त्याची अर्थ सांगण्याचीच रीत आहे. अकराव्या अध्यायात अंजिराच्या झाडाला दिलेला शाप, मग मंदिराची शुद्धी, आणि दुसऱ्या दिवशी वाळलेले झाड, हा क्रम सलग वाचला की मंदिराच्या भवितव्याबद्दल मार्काला काय म्हणायचे आहे ते जाणवते. सिनॉप्सिसमध्ये हे तीन वेगवेगळे खंड होतात, मधे मत्तय आणि लूक यांचे स्तंभ येतात, आणि मार्काचा आवाज हरवतो. केवळ सिनॉप्सिसवर वाढलेला विद्यार्थी फरक शोधण्यात तरबेज होईल, पण एक शुभवर्तमान अथपासून इतिपर्यंत एका बैठकीत वाचण्याची सवय त्याला लागणार नाही, ही भीती मला खरी वाटते. दुसरे असे की मांडणी तटस्थ दिसली, तरी कोणती ओळ कोणत्या ओळीसमोर ठेवायची हा संपादकाचाच निर्णय असतो. तैलाभ्यंगाच्या चार वृत्तांतांचेच पाहा. मार्क आणि मत्तयात बेथानीत एक निनावी स्त्री प्रभूच्या मस्तकावर सुगंधी तेल ओतते, योहानात मरीया त्याच्या पायांना लावते, आणि लूकात बऱ्याच आधी एका परूश्याच्या (कट्टर यहुदी पंथातील माणसाच्या) घरी एक पापी स्त्री हे करते. ते शेजारी ठेवताक्षणी ही एकच घटना असावी, असे वाचकाच्या मनात आपोआप भरते. तो निष्कर्ष काढायचा की नाही, हे पानाने नव्हे, अभ्यासाने ठरवले पाहिजे.

याखेरीज, अपोक्रिफल, म्हणजे बायबलमध्ये न स्वीकारलेली, शुभवर्तमाने आणि मंडळीच्या आद्य लेखकांची समांतर अवतरणे या ग्रीक-इंग्रजी आवृत्तीत नाहीत. ती आलंड यांच्याच मोठ्या, केवळ ग्रीक आवृत्तीत पाहावी लागतात, आणि थोमाचे शुभवर्तमानही तेथेच परिशिष्टात आहे. टिपांचा टाइप बारीक आहे, ग्रंथ जड आहे, आणि नवी प्रत महाग पडते.

या अभ्यासाने विश्वास डळमळतो का, असे मंडळीतील वडीलधारी माणसे काळजीने विचारतात, आणि त्या काळजीचा मला आदर आहे. माझा अनुभव गुड फ्रायडेच्या उपासनेच्या तयारीत सर्वांत ठळक झाला. वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. स्तंभ पाहिले तेव्हा लक्षात आले की मार्क आणि मत्तय यांच्याकडे एकच उद्गार आहे, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, हा. लूकाचे तीन वेगळे आणि योहानाचे तीन वेगळे, अशी सातांची बेरीज होते. कोणत्याही एका शुभवर्तमानात सात उद्गार नाहीत. शिवाय लूक २३:३४ मधील क्षमेची प्रार्थना संपादकांनी दुहेरी कंसात ठेवली आहे, कारण काही अतिशय महत्त्वाच्या प्राचीन हस्तलिखितांत ती आढळत नाही. ती मूळ लूकाची नसली तरी फार जुनी आहे, असा त्या कंसाचा अर्थ. त्या वेळी मी सात उद्गारांऐवजी केवळ मार्काच्या एका उद्गारावर बोलायचे ठरवले, दुसरे कोणतेही सांत्वनपर वाक्य मदतीला न घेता. मार्काने आपल्या वाचकांना त्या एका आरोळीसमोर उभे केले आणि लगेच रोमी शताधिपतीच्या तोंडून, हा खरोखर देवाचा पुत्र होता, असे वदवले. उरलेले सहा उद्गार मधे आणले असते, तर त्या कबुलीची धार मला कधीच जाणवली नसती. क्षमेच्या वचनावर मी पुढेही उपदेश करीन; फक्त ते लूकाच्या स्तंभात, त्याच्या कंसासह उभे आहे, हे जाणून करीन.

ज्यांना ग्रंथ घ्यायचा आहे त्यांनी आधी वाचनालयातील प्रत महिनाभर वापरून पाहावी, आणि स्वतःची घ्यायची झाल्यास सेवानिवृत्त पाळकांकडे जुन्या प्रतींची चौकशी करावी. मजकुराच्या दृष्टीने जुनी प्रतही पदवीच्या अभ्यासाला पुरते. सुरुवात डोंगरावरील प्रवचनापासून करू नये, कारण मत्तयातील त्या तीन अध्यायांचे समांतर लूकात ठिकठिकाणी विखुरलेले आहेत आणि नवखा वाचक पाने उलटून थकतो. दुःखसहनाच्या, म्हणजे प्रभूच्या अटकेपासून मरणापर्यंतच्या, वृत्तांतापासून सुरू करावे. तेथे चारही स्तंभ भरलेले असतात, प्रसंगांचा क्रमही बराच जुळतो, आणि पहिल्याच आठवड्यात रंगीत पेन्सिलींना पुरेसे काम मिळते.